करड्या शिलेदाराची क्रियापदं

"वाच," भूपालअण्णा म्हणाले. "मोठ्यानं वाच."

चित्रकथेचा पाचवा अंक माझ्या टेबलावर उघडा पडला होता आणि नवव्या पानावरच्या एका फुग्यावर अण्णांचं बोट होतं. बोट असं जाडजूड की खालचा फुगाच दिसेना.

"बोट काढा की, अण्णा."

बोट निघालं. खाली माझ्याच हातची अक्षरं. मी वाचलं, "'मी आलो.'"

"कोण म्हणतंय?"

"करडा शिलेदार."

"आणि सहाव्या अंकात त्याच्या टोपाखालनं काय निघालंय?"

कोपऱ्यात मोने सर शब्दकोशात डोकं घालून बसले होते. मान वर न करता तेच म्हणाले, "बाई."

"बाई!" अण्णांनी कपाळावर हात मारला. "चांगली खांद्यापातूर केस सोडलेली बाई! आणि हितं म्हणतीय 'आलो'. तीन हजार अंक गावोगाव गेलेत, हौसा. तीन हजार फुगे पुसायला माझा बा येणार हाय व्हय वरनं?"

मागं मशीनवर शौकतमिस्त्री खुसखुसले. अण्णांनी तिकडं बघितलं तसे ते घाईघाईनं तेलाची बुधली शोधायला वाकले.

ही एकोणनव्वद सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत अण्णा मगदुमांचा छापखाना. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असं सरळमार्गी काम चाललेलं. त्यात अण्णांच्या डोक्यात चित्रकथा शिरली. मुंबईच्या एका एजन्सीनं त्यांना इंग्रजी मालिकेचे मराठी हक्क दिले. बारा अंक. दर महिन्याला मुंबईहून चित्रांचा गठ्ठा यायचा. चित्रांतल्या माणसांच्या तोंडाशी फुगे काढलेले, पण आतून कोरे. सोबत इंग्रजी मजकुराचे टाइप केलेले कागद. मोने सर, रिटायर झालेले इंग्रजीचे शिक्षक, त्याचं मराठी करायचे. आणि ते मराठी फुग्यांत सुबक अक्षरात भरायचं काम माझं. शिक्षण माझं नववी. अक्षर देवानं दिलेलं, आणि बारीक निबाचं पेन कसं धरायचं ते माझं मी शिकून घेतलं, लग्नपत्रिकांच्या रद्दीवर गिरवून गिरवून.

मालिका होती आर्थर राजाची. इंग्रजांचा जुना पुराणपुरुष. दगडात रुतलेली तलवार उपसतो, गोल मेजाभोवती सरदार बसवतो, आणि मरताना म्हणे मरत नाही, नुसता झोपतो. राज्यावर संकट आलं की उठायचं, असा करार. या मालिकेत तो उठतो ते थेट सन चार हजार चाळीस साली. तोवर पृथ्वी पाण्याखाली गेलेली, आणि उरलीसुरली माणसं शनीच्या कड्यांशेजारी एका फिरत्या चक्राकार नगरीत राहतायत. ती नगरी म्हणजेच त्याचं गोल मेज. तलवार दगडाऐवजी उल्केत रुतलेली. अण्णांनी सगळ्यांची बारशी करून टाकली. राजा झाला अर्थराज, त्याचा जादूगार मेरुनाथ, आणि सरदारांचे झाले शिलेदार. "कोल्हापुरात छापतोय, मग शिलेदारच पायजेत," असा त्यांचा हट्ट.

त्या नगरीत तेरावी खुर्ची कायम रिकामी असते. नालायक माणूस तिच्यात बसला की जळून खाक. पहिल्याच अंकात करडं चिलखत घातलेला एक शिलेदार येतो, डोक्यावर टोप, तोंड झाकलेलं, आणि बेधडक त्या खुर्चीत बसतो. जळत नाही. कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. एजन्सीनं ठळक टाइप करून कळवलेलं: सहाव्या अंकापर्यंत हा पुरुष की बाई, हे वाचकाला कळता कामा नये.

"इंग्रजांचं काय जातंय सांगायला!" सर तेव्हा कडाडले होते. "'आय केम.' झालं! कोण आलं, बाई की बुवा, काही पत्ता नाही. मराठीत तोंड उघडलं की लिंग आलंच!"

"सर, हळू," अण्णा म्हणाले. "भाईर लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक बसलंय."

सरांनी दोन दिवस खटपट करून लिहिलं: 'अस्मादिकांचे आगमन झाले आहे.'

अण्णांनी वाचलं. "हा शिलेदार हाय का कीर्तनकार?"

मी पेन पुसता पुसता म्हटलं, "'मला यावंच लागलं' असं लिहिलं तर?"

दोघं माझ्याकडं बघायला लागले. सरांनी घाईनं दुसरं वाक्य टाकून बघितलं. "आणि 'मी थकलो'?"

"'अंगात बळ उरलं नाही.'"

"'मी रात्रभर जागा राहिलो'?"

"'रात्रभर डोळ्याला डोळा नाही.'"

"'मी तुमच्यासाठी लढलो'?"

"'तुमच्यासाठी मी तलवार उचलली.' उचलली ती तलवार. उचलणारं कोण, ते कळतंय कुठं?"

सरांनी चष्मा काढला. "हौसाबाई, कुठे शिकलात हे?"

"असंच," मी म्हटलं.

त्या दिवसापासून सरांच्या वहीत त्या शिलेदाराच्या वाक्यांपुढं नुसतं 'क. शि. – हौसाबाई' एवढंच असायचं. चार अंक मी त्याला एका शब्दानंही उघडं पडू दिलं नाही. अण्णा इतके खूश की चौथ्या अंकात त्यांनी स्पर्धा लावली: 'टोपाखाली कोण? पुरुष की बाई? कारणासह कार्डावर कळवा.' बक्षीस सायकल. ती सायकल छापखान्याच्या दाराशी उभी करून ठेवलेली, चाकांना अजून कागद गुंडाळलेला. येणाजाणारा तिची घंटी वाजवून जायचा.

आता माझं. माझं वय तेवीस. सासर पुण्याचं, नवरा बँकेत. दोन वर्षं तिथं काढून एप्रिलात मी माहेर गाठलं. मार नव्हता, जाच नव्हता, कुणी उपाशी ठेवलेलं नव्हतं. त्यामुळं 'आलीस कशाला?' या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि गल्लीतल्या बायकांना त्याचाच जास्त राग. आबा गूळबाजारात तोलार. त्यांनी ढेप तोलल्यागत निवाडा दिला: "दिवाळीपातूर बघू. छापखान्यात कायम झालीस तर रहा, तुझं तू बघशील. न्हाई झालीस तर जावई न्यायला येतील. गप जायाचं."

अण्णांनी दिवाळीला कायम करायचा शब्द दिलेला. जावयांचं कार्डही येऊन पडलेलं, रविवारी येतोय म्हणून. आणि आज बुधवारी अण्णांचं बोट त्या फुग्यावर.

"'मी आहे' लिहायला काय झालतं?" अण्णा म्हणाले. "फुग्यात मावत नव्हतं?"

"मावलं असतं."

"मग?"

मी निब पुसायला घेतलं.

"शुद्धिपत्र काढू," सर म्हणाले. "'पान नऊ. आलो ऐवजी आले असे वाचावे.'"

"म्हंजे शुद्धिपत्रातच टोप काढायचा! वा, सर!" अण्णा खुर्चीत कोसळले. "आणि तसंच सोडावं, तर सगळी पोरं 'पुरुष, पुरुष' म्हणून कार्डं टाकणार, आणि सहावा अंक बघून म्हणणार, मगदुमानं फशिवलं. आमच्या छापखान्यातनं चुकीचा कागद गेलेला न्हाई कधी. एकदा पत्रिकेत नवरीचं नाव चुकलं, तर आमच्या वडलांनी मांडवात जाऊन पाय धरलेत."

"नवरीचे?" शौकतमिस्त्रींनी विचारलं.

"तिच्या बाचे! तू मशीन बघ." अण्णा माझ्याकडं वळले. आवाज खाली आला, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. "हे बघ हौसा. तुझा कायमचा कागद मी टाइप करून ठेवलाय. सही केलेली न्हाई. सोमवारी सहावा अंक मशीनवर चढतोय. तोवर काय तरी निस्तर. न्हाई निस्तरलं, तर मला चुकणारं माणूस परवडत न्हाई."

गुरुवारी, शुक्रवारी कार्डांचे गठ्ठे आले. सर एकेक वाचायचे आणि बाजूला टाकायचे.

"'पुरुष. कारण पान नऊवर तो आलो म्हणतो.' 'पुरुष. कारण आलो.' 'पुरुष, आलोवरून सिद्ध.'" सरांनी उसासा टाकला. "व्याकरण पक्कं आहे पोरांचं. माझ्याच विद्यार्थ्यांची मुलं असणार."

शुक्रवारी दुपारी सहाव्या अंकाचं चौदावं पान माझ्यासमोर आलं. सबंध पानभर एकच चित्र. शिलेदारानं टोप काढलाय, केस मोकळे सुटलेत, अर्थराज आसनावरून उठून विचारतोय, कोण तू? आणि तिच्या तोंडाशी एक मोठा थोरला फुगा. या वेळी लपवायचं काही नसल्यामुळं सरांनी स्वतःच लिहून दिलेलं: 'शब्द दिला होता, महाराज. मी आले.'

'शब्द दिला होता, महाराज. मी' एवढं लिहून झालं. पुढं हात चालेना.

"सर, इथं 'आलो' ठेवू या?"

"पुन्हा?"

"पाचव्यात 'आलो', सहाव्यातही 'आलो'. म्हणजे मग चूक नाही उरत. ती बोलतेच तशी. आमच्याकडची आहे ती."

"हौसाबाई, ती शनीकडची आहे."

"शनीकडची मराठी कुणी ऐकलीय, सर?"

आवाज ऐकून अण्णा आतून आले. मी त्यांनाच धरलं. "अण्णा, वैनींना जेवलात का विचारलं, तर काय म्हणतात?"

"'जेवलो' म्हणती. का?"

"आणि तुमची सुनंदा शाळेतनं आल्यावर?"

"'आलो' म्ह..." अण्णा थांबले. मग हात झटकून म्हणाले, "अगं, ते बोलायचं झालं! ते काय छापायचं असतं व्हय? पुण्या-मुंबईला जातोय अंक. म्हणतील, कोल्हापूरवाल्यांना बाईमाणूस कुठलं, गडीमाणूस कुठलं, एवढंसुद्धा कळत न्हाई."

आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी सैपाक करतो. आज्या, आया, पोरी, सगळ्याच. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि म्हणणारीला आपण पुरुष झालो असंही वाटत नाही. पण कुठं छापून आलेलं मात्र मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

अण्णा गेले. सर गेले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले, वर्गात मागच्या बाकावरचं काहीतरी उशिरा दिसल्यासारखे.

"हौसाबाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे असं बोलतात. पण तुम्ही नाही बोलत."

मी पेनाचं टोपण लावलं.

"'आलो' नाही म्हणत आणि 'आले'ही नाही. आत्ता लक्षात येतंय माझ्या. सकाळी दारात 'सर, नमस्कार.' संध्याकाळी 'उशीर झाला.' जेवलात का विचारलं, तर 'झालं.' सहा महिने झाले, मला तुमच्या तोंडचं एकही असं क्रियापद आठवत नाही. 'असंच' म्हणाला होतात. कुठे शिकलात?"

मग सांगून टाकलं.

सासूबाई मराठी शाळेत मुख्याध्यापिका. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, अंघोळ झाली का, आणि माझ्या तोंडून निघालं, "मगाशीच न्हालो." घर हसून लोटपोट. त्या वाईट नव्हत्या. प्रेमानंच दुरुस्त करायच्या. आलो नाही गं, आले. गेलो नाही, गेले. तू काय पुरुष आहेस? नणंदेच्या मैत्रिणी आल्या की मला बाहेर बोलावणं यायचं: "वहिनी, बोला ना काहीतरी!" 'आले' म्हणायचा मी सराव केला, मोरीत नळ सोडून. पण ते म्हटलं की वाटायचं, दुसरीच कुणीतरी आली. आणि 'आलो' म्हणावं तर हशा. मग मी तिसरीच वाट काढली. भूक नाही. माझं झालं. भाजी आणली. मला बरं नाही. दोन वर्षं मी त्या घरात बोलत होते की होतो, हे कुणाला कळलं नाही. उलट सासूबाई शेजारी सांगायच्या, सून सुधारली हो आमची.

"आणि तुमचे यजमान?" सरांनी विचारलं.

"ते नाही हसायचे. म्हणजे, मोठ्यानं नाही."

"मग चार अंक इतकं सांभाळून नवव्या पानावर असं कसं झालं?"

मी पाचवा अंक त्यांच्यापुढं सरकवला. नवव्या पानावरच्या चित्रात नगरीचा दरवाजा आहे. करडा शिलेदार मोठ्या लढाईतून परतलाय. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आतून राजा विचारतो, कोण आहे?

"एप्रिलात पुण्याची गाडी दुपारी पोचली," मी म्हटलं. "दारात असंच. हातात पिशवी, एक पाय आत. आबा आतनं म्हणाले, कोण हाय? आणि आपसूक निघालं. आबा, मी आलो. दोन वर्षांनी. नंतर पुन्हा सवयीनं तोंड बंद झालं ते झालंच. पण हे चित्र समोर आलं, आणि हातानं लिहून टाकलं, सर. मला नाही विचारलं त्यानं."

सरांनी अंक परत माझ्याकडं सरकवला.

तुमच्या ध्यानात आलं असेल, नसेल. ही गोष्ट सांगताना इथवर मीसुद्धा फुगे जपूनच भरलेत. सवय. पण त्या दुपारी सरांना एवढं सांगून झालं आणि मी उठलो, माठातलं गार पाणी प्यालो, आणि परत येऊन जागेवर बसलो. आता पुढचं असंच सांगतो.

सरांनी वही मिटली, छत्री उचलली. "उद्या बघू," एवढंच म्हणाले. चौदाव्या पानावरचं वाक्य 'मी'वर अडकून राहिलं, आणि माझी नोकरीही.

शनिवारी कार्डांचा शेवटचा दिवस. 'पुरुष'चा ढीग टेबलावरून घसरायला लागला होता. अण्णा हिशेब सोडून नुसते त्या ढिगाकडं बघत होते. शिव्या देण्यापलीकडं गेले होते ते. मी शाईची दौत उगाच हलवत बसलो होतो. एवढ्यात सर वाचता वाचता थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"ऐका," ते म्हणाले. "'टोपाखाली बाई आहे. कारण ती पाचव्या अंकात माझ्यागत आलो म्हणते. गडी असता तर आलो म्हणून दारात थांबला नसता. सरळ आत गेला असता. कुमारी सुमित्रा बाळू चौगले, इयत्ता सातवी, मुक्काम पोस्ट उत्तूर.'"

शौकतमिस्त्रींनी मशीन बंद केलं.

अण्णांनी कार्ड हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, पोस्टाचा शिक्का बघितला. "दारात थांबलाय व्हय त्यो?" मग माझ्या टेबलावरचा पाचवा अंक ओढून नववं पान डोळ्याजवळ नेलं. "आयला. एक पाय भाईर हाय की."

"चित्रात आहे," सर म्हणाले. "माझ्या वहीत नव्हतं. मी इंग्रजी वाचत बसलो, चित्र बघितलंच नाही." त्यांनी कार्ड परत मागून घेतलं. "अण्णा, चाळीस वर्षं मी असल्या मुलींच्या वह्यांत 'आलो'खाली तांबडी रेघ मारली. एकीनंही मला कधी कारण दिलं नाही. ही देते आहे. चौदाव्या पानावर 'आलो' राहू दे."

"आणि पुण्याचे वाचक?"

"मूळचा पुण्याचा मीच आहे. तक्रारीचं पत्र मीच लिहितो आणि उत्तरही मीच देतो. तुम्ही दोन्ही छापा."

अण्णा बराच वेळ गाल खाजवत राहिले. "म्हंजे फसवलं न्हाई आपण," ते स्वतःशीच म्हणाले. "सांगितलंतं की. ज्याला ऐकू आलं त्याला आलं." मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं आणि तोंड पुन्हा पडलं. "आरं पण ही दांडीची सायकल हाय! मला वाटलं, कोण तरी पोरगाच जिंकंल."

"चालवंल की," मशीनमागून शौकतमिस्त्री म्हणाले. "'आलो' म्हणती, दांडीला काय भितीय!"

अण्णांनी खणातून कागद काढला, सही केली आणि माझ्या टेबलावर टाकला. "घे. आणि परत असलं काय करायचं असलं तर आधी मला सांग, माझे आई. माझं काळीज काय मशीनचं न्हाई."

मी टोपण काढलं आणि 'मी'पुढं 'आलो' लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं. फुग्यात जागा होती.

संध्याकाळी आबांनी तो कागद दिव्याजवळ धरून दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला. "बरं झालं," म्हणाले. "जावई उद्या येतील. आता तुझं तू ठरीव. मी मधी न्हाई." तोवर मला वाटायचं, कागद झाला की सुटलो. तसं नव्हतं. नोकरी नाही म्हणून जावं लागलं असतं, तर अण्णांना बोल लावता आला असता. आता कुणालाच लावता येत नव्हता.

रविवारी सोमवारच्या घाईसाठी छापखाना उघडा होता. अकराच्या सुमाराला दिलीपराव दारात आले. घरी जाऊन आले होते, आबांनीच इकडं धाडलेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कागदाचं पुडकं.

"तुझा स्वेटर राहिला होता," ते म्हणाले. "थंडी पडेल आता."

मी स्वेटर घेतला, त्यांना स्टूल दिलं. कोपऱ्यात सरांनी शब्दकोशात असं डोकं घातलं की जणू आत कुणीतरी हाक मारतंय.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"आईनं निरोप दिलाय." ते जरा घुटमळले. "म्हणाली, तिला सांग, मी आता टोकणार नाही. घरात तुला हवं तसं बोल. चुकीचं बोललीस तरी कुणी हसणार नाही. मी बघेन ना."

"चुकीचं बोललो तरी?"

त्यांनी चमकून बघितलं. दोन वर्षांत त्यांनी हे माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण ते हसले नाहीत. तेवढा त्यांचा शब्द खरा होता. "हो," म्हणाले. "तरी."

वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणतो. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी टेबलावरचं चौदावं पान ओढलं. चित्र बघितलं, अक्षरावरून नजर फिरवली. "हे तू लिहितेस? केवढं सुरेख अक्षर आहे गं! तिकडे कधी कळलंच नाही आम्हाला." त्यांना खरंच आवडलं होतं. चेहरा फुलला होता. आणि खोटं कशाला सांगू, तेव्हा मला वाटलं, जावं. माणसाला बघायला उशीर लागतो, पण बघतो. सासूबाईही थकल्या असतील. जावं.

"एवढं एक राहिलंय बघ," दिलीपराव म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी 'आलो'भोवती छान गोल केला आणि वर, आपल्या बारीक बँकेच्या अक्षरात, लिहिलं: 'आले'.

"अहो!" सर ताडकन उठले. ते नुसतं वाचायला दिलेलं पान नव्हतं. उद्या कॅमेऱ्याखाली जायचं मूळ पान होतं ते.

"छापायच्या आधी सापडलं, बरं झालं," दिलीपराव त्यांना म्हणाले. पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडं बघून हसले, मदत केलेला माणूस हसतो तसे. "चल. चारची गाडी आहे. घरी जाऊन तुझं सामान घेऊ."

मी त्या गोलाकडं बघत होतो. राग शोधला, सापडला नाही.

"मी येत नाही," मी म्हणालो.

"आज नाही? मग पाडव्याला येऊ का?"

"मी येत नाही."

त्यांनी पेन परत खिशाला लावलं. शौकतमिस्त्रींनी मशीन सुरू करायला हात नेला होता, तो तसाच राहिला. "आईला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, व्याकरण त्यांचंच बरोबर होतं."

"आणि स्वेटर?"

"राहू द्या. लागेल इथं."

ते उठले. पुडक्याचा रिकामा कागद घडी घालून खिशात ठेवला, सरांना नमस्कार केला. दाराशी जाऊन वळले. निघताना माणूस 'येतो' म्हणतो, मग ते पुणं असो की कोल्हापूर. 'जातो' कुणी म्हणत नाही, आणि त्यांच्या घरात तर म्हटलेलं चालायचंच नाही. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. ज्या माणसाचं एक क्रियापद कधी चुकलेलं मी ऐकलं नव्हतं, तो तिथं उभा राहून शब्द शोधत होता.

"जातो," ते म्हणाले.

पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं दुरुस्त करावंसं वाटलं. केलं नाही.